मैत्रबनातले शेवटचे बिऱ्हाड

मैत्रबन सोसायटीतली एक सोडून सगळी घरे दोन वर्षांत विकली गेली. ती सगळी एकाच कंपनीने घेतली, आणि मालकांनी सांगितले त्याहून चढ्या भावाने घेतली. उरलेले एक घर त्या सर्वांपेक्षा स्वस्तात द्यायची मालकांची तयारी होती. त्या घराला कंपनीने कधीच भाव दिला नाही.

ते घर सुधाकर आणि मृणालिनी सबनीस यांचे.

"आपण कोणाकडे आलात?"

तळमजल्यावर उभे राहून सुधाकरराव हा प्रश्न रोज कोणाला ना कोणाला विचारीत. पूर्वी तेथे सायकली, सूचनाफलक आणि पंपाची खोली होती. आता तेथे काळ्या दगडाचा गुळगुळीत कट्टा होता, त्यावर घंगाळात तरंगणारी फुले होती आणि मागच्या भिंतीवर 'गृहस्पर्श' अशी पितळी अक्षरे होती. त्या दिवशी त्यांनी चाकांच्या बॅगा ओढत निघालेल्या एका जोडप्याला गाठले होते.

"आम्ही इथेच उतरलोय, काका."

"ते कळलं हो. पण कोणाकडे?"

"तीनशे दोनमध्ये."

"म्हणजे भागवतांकडे. मग तसं सांगा ना! पण चहा आमच्याकडे घ्या. भागवताचा चहा म्हणजे नुसतं कोमट पाणी."

जोडपे हसले आणि फोनमध्ये पाहत बाहेर पडले. मृणालिनीबाई लिफ्टमधून उतरल्या तेव्हा सुधाकरराव त्यांच्या पाठमोऱ्या आकृतींकडे पाहत होते.

"मृणाल, इथं सगळी पाहुणेमंडळीच दिसतायत. घरची माणसं गेली कुठं?"

या प्रश्नाचे खरे उत्तर बाईंनी एकदा दिले होते. भागवत मुलाकडे बंगळुरूला गेले, देवस्थळींनी गावी घर बांधले, पारखीबाई वारल्या. ते ऐकून सुधाकरराव दिवसभर जेवले नव्हते, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला होता. तेव्हापासून बाई एकच उत्तर देत.

"कामाला गेलीत. येतील संध्याकाळी. चला वर."

सुधाकररावांची स्मृती काठाकाठाने ढासळत होती. ताजे तेवढे पुसले जाई, जुने शाबूत राही. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. "नवीन जागा अंगवळणी पाडून घ्यायची ताकद त्यांच्यात अजून आहे. वर्षभराने असेल असं मी म्हणणार नाही. हलायचं असेल तर आताच हला. आणि जिथं रोज तीच चार तोंडं दिसतील, तिथं जा." त्यांची मुलगी ऋजुता चिपळूणला असे. तिच्याच गल्लीत ओटी, दोन खोल्या आणि मागे विहीर असलेले एक बैठे घर विकाऊ होते. मालकाने दिवाळीपर्यंत थांबायचा शब्द दिला होता. ते घ्यायचे तर हे विकायला हवे होते.

हे विकत मात्र नव्हते. दोन-तीन कुटुंबे पाहायला येऊन गेली. त्यांतल्या एका आजींना लिफ्टमध्ये पांढरा झगा घालून पोहायला निघालेला गृहस्थ भेटला. त्या घर न पाहताच परतल्या. हॉटेलात घर घ्यायला कोणी तयार नव्हते. ज्याचे हॉटेल होते त्याने घ्यावे, हाच सरळ मार्ग उरला होता.

"निनाद, आकडा आला का?" बाईंनी कट्ट्यामागच्या तरुणाला विचारले.

निनाद बोडके हा गृहस्पर्शचा व्यवस्थापक. मूळचा संगमनेरकडचा, तोंडाने गोड, आणि मनानेही वाईट नसलेला. "काकू, तुम्हाला इथं कमी काय आहे? देखभालीचा खर्च कंपनी भरते. तोटी गळली तर तासाभरात माणूस हजर होतो. काकांना खाली आमची पोरं सांभाळतात."

"कमी काहीच नाही. जास्त झालंय. आकडा आला का?"

"आकडा वरून येतो. मी घराचा क्रमांक टाकतो, संगणक भाव सांगतो. तुमचा टाकला की रकाना कोरा राहतो."

"शून्य येतं?"

"शून्य नाही हो. कोरा."

"दोन्हींत फरक असतो. शून्य म्हणजे किंमत नाही. कोरा म्हणजे किंमत करायचीच नाही."

"मी कॉमर्सचा, काकू," निनाद म्हणाला. "मला दोन्हींचा अर्थ एकच कळतो, वरच्यांना विचारू नको."

बाईंची हयात कॉलेजात संख्याशास्त्र शिकवण्यात गेली होती. कोरा रकाना त्यांना स्वस्थ बसू देत नसे.

निवासी भागात हॉटेल काढायला या शहरात पूर्वी बंदी होती. पर्यटक वाढले, खोल्या अपुऱ्या पडल्या, आणि महापालिकेने जमीन-वापराचे नियम बदलून ती बंदी उठवली. अट एकच ठेवली, की इमारत मुख्यतः राहती असली पाहिजे. राहती कोणती आणि नुसती उतरायची कोणती, हे ठरवायला निरीक्षक पाठवले तर काय होते याचा महापालिकेला दांडगा अनुभव होता. म्हणून ते काम यंत्रावर सोपवले गेले.

यंत्रामागचे शास्त्र साधे आणि खरे आहे. नळ उघडला की नळीतला दाब किंचित पडतो. ही घट लाटेसारखी नळीभर पसरते आणि इमारतीच्या मुख्य नळीपर्यंत पोहोचते. तोटी किती उघडली, किती वेळ उघडी राहिली, कशी बंद झाली, हे सारे त्या लाटेच्या आकारात उमटते. गळती शोधण्यासाठी शहरभरच्या मुख्य नळ्यांवर दाबमापक आधीच बसवलेले होते. तेव्हा प्रश्न उरला तो लाटांवरून माणसे ओळखण्याचा. त्यासाठी काही खऱ्या घरांत आणि काही खऱ्या लॉजांत कित्येक महिने वेगळे मापक बसवले गेले; सबनीसांच्या घरीही असा एक होता. त्यांवरच्या लाटा एका संगणक-प्रणालीला दिल्या गेल्या, आणि तिला सांगितले गेले, यांतला फरक शोध. कशावरून शोध, हे सांगितले नाही. ते सांगावे लागत नाही, हीच त्या तंत्राची थोरवी समजली जाते. प्रणालीने फरक शोधला. तपासणीसाठी राखून ठेवलेल्या नमुन्यांत ती क्वचितच चुकली. ती देत असलेल्या गुणांना 'वास्तव्य-निर्देशांक' असे भारदस्त नाव मिळाले. पन्नासच्या वर असेल ती राहती इमारत, खाली असेल ती अराहती. हॉटेलवाल्याने हा आकडा फाटकावर लावायचा, आणि तो पन्नासखाली गेला की परवाना आपोआप स्थगित व्हायचा.

मैत्रबनाच्या फाटकावर ब्याऐंशी असा हिरवा आकडा चमकत असे. एकच बिऱ्हाड उरले असताना ब्याऐंशी हे बाईंना विनोदी वाटे, पण त्या विनोदाचा आपले घर न विकले जाण्याशी काही संबंध असेल असे त्यांच्या मनात आले नव्हते.

शेजारच्या इमारतीत हॉटेल नव्हते, तरी तिथला आकडा एकोणतीस होता. तिथे प्रज्ञा खिलारे ही नर्स आणखी दोघी नर्सांबरोबर भाड्याने राहत असे. बाकीच्या घरांतूनही नोकरदार तरुण भाडेकरूच होते. आकडा पन्नासखाली म्हणून महापालिकेने इमारतीला 'अघोषित लॉज' ठरवले होते, आणि घाबरलेल्या मालकांनी भाडेकरूंना तीन महिन्यांत जागा सोडायला सांगितले होते.

"आम्ही तिघी तीन पाळ्यांना," प्रज्ञा एकदा सुधाकररावांना चौकातून हाताला धरून परत आणून सोडताना बाईंना म्हणाली होती. "घरात कधी कोण झोपलंय ते आमचं आम्हालाच कळत नाही, हे कबूल. पण लॉज? काकू, लॉजमध्ये निदान चादरी कोणीतरी बदलतं हो!"

श्रावणात बाई सुधाकररावांना घेऊन आठ-दहा दिवस चिपळूणला जाऊन आल्या. पहिले दोन दिवस ते ओटीवर गप्प बसून राहिले. मग समोरच्या वाण्याला त्यांनी नावाने हाक मारली. मग कोपऱ्यावरून ऋजुताचे घर त्यांनी आपणहून शोधून काढले आणि लहान मुलासारखे सर्वांना सांगितले. डॉक्टरांचे म्हणणे खरे होते. दार अजून उघडे होते.

परत आल्या तेव्हा मैत्रबनाचा तळमजला अंधारात होता. घंगाळ कोरडे पडले होते. फाटकावर तांबडा एकतीस होता. निनाद जिन्याच्या पायरीवर एकटाच बसला होता.

"काकू! अहो, होतात कुठं?"

"मुलीकडे."

"सांगून तरी जायचं!"

"तुला? मी काय खोली रिकामी करतेय?"

"आकडा पडला, काकू. तुम्ही गेल्यावर चार दिवसांत. पाहुणे बाहेर काढावे लागले, स्वयंपाकाच्या बायकांना घरी बसवलं." त्याने पुढचे वाक्य बराच वेळ तोंडात घोळवले. "आता राहणार ना? म्हणजे... कायमच्या?"

बाईंनी बॅग खाली ठेवली. "निनाद, रकाना कोरा का राहतो, ते तुला कळलंय."

"आजच कळलं. आईशप्पथ. कंपनीच्या दुसऱ्या इमारतींतही असंच झालं होतं. शेवटचं जुनं बिऱ्हाड विकत घेतलं की आकडा पडायचा आणि परवाना जायचा. असं तीन-चारदा झाल्यावर भाव काढणारा संगणक ते शिकला. आता शेवटच्या जुन्या घराला तो भावच काढत नाही. कोणी हुकूम दिलेला नाही, काकू. मी विचारलं वर. त्यांनाही माहीत नव्हतं."

"म्हणजे आम्ही गेलो तर तुमचं हॉटेल बंद."

"हो."

"आणि आम्ही आहोत तोवर आमचं घर विकलं जायचं नाही."

सुधाकररावांनी निनादच्या खांद्यावर हात ठेवला. "काळजी करू नका हो," ते म्हणाले. "येतील सगळे संध्याकाळी."

दोन यंत्रे होती. एक घर ओळखत होते, दुसरे भाव काढत होते. दोघांच्या मध्ये सबनीसांचे बिऱ्हाड जात्यातल्या दाण्यासारखे अडकले होते, आणि जाते फिरवणारा हात कोठेच दिसत नव्हता. भांडायला माणूस असता तर बाई भांडल्या असत्या.

पण त्यांना आणखी एक गोष्ट पटत नव्हती. एवढ्या मोठ्या इमारतीत पाहुण्यांच्या शंभर आंघोळी आणि दोन म्हातारी माणसे. एकाच मुख्य नळीतून हे सारे पाणी जाते. त्या कल्लोळात यंत्राला या दोघांचे असे काय ऐकू येत होते? आपण परतल्यावर आकडा चढला, हे खरे. तो दोनच दिवसांत हिरवा झाला, पाहुणे आले, फुले तरंगू लागली. पण 'आपण' म्हणजे नेमके काय, हे त्यावरून ठरत नव्हते.

बाईंनी एका वेळी एकच गोष्ट बदलायला घेतली. कपडे धुण्याचे यंत्र सकाळऐवजी दुपारी लावले. आकडा हलला नाही. भांडी दोनदा घासायची ती एकदाच घासली. आकडा हलला नाही. आठवडाभर स्वयंपाक बंद ठेवून खालच्या हॉटेलातले जेवण मागवले. निनाद हरखून गेला, सुधाकररावांनी "लग्न कोणाचं आहे?" असे दोनदा विचारले, आणि आकडा तेथेच राहिला. बाईंनी स्वतःची आंघोळ पहाटेवरून रात्रीवर नेली. ब्याऐंशीचे एक्क्याऐंशी झाले, इतकेच.

घरात आता पाण्याचा एकच वापर उरला होता, आणि तो त्यांच्या हातचा नव्हता.

सुधाकरराव रोज तांबडे फुटायच्या आत उठत. आदल्या दिवशीचे सारे पाणी ते ओतून देत; पिंपातले न्हाणीघरात, कळशीतले गॅलरीतल्या झाडांना. मग तोटी पूर्ण सोडून नवे भरत. आधी पिंप, मग हंडा, मग कळशी, मग तपेली, शेवटी तांब्या. शिळे पाणी घरात ठेवायचे नाही. त्यांच्या लग्नाच्या वेळी या कॉलनीला पहाटे थोडा वेळ पाणी येई, आणि ज्याने तेव्हा भरले नाही त्याचा दिवस कोरडा जाई. पुढे चोवीस तास पाणी आले. पिंपे हलली नाहीत. कॉलनीतल्या जुन्या घरांतून सगळे असेच करीत. त्यात काही वेगळे आहे असे कोणालाही कधी वाटले नव्हते. संख्याशास्त्राच्या प्राध्यापिकेलाही नाही. सुधाकरराव आज नातवंडांची नावे विसरत, पण कोणते भांडे कोणत्या भांड्यानंतर, हे विसरत नसत.

बाईंनी घराच्या नळीचा कॉक फिरवून बंद केला आणि अंथरुणावर जागत पडल्या.

पिंप उपडे झाल्याचा आवाज आला. मग तोटी फिरल्याचा. मग बराच वेळ काहीच नाही.

"मृणाल! पाणी गेलं!" ते दारात उभे होते. हात ओले, धोतर ओले. "ओतून बसलो गं मी सगळं. आता दिवस कसा काढायचा?"

"येईल थोड्या वेळाने."

"येत नाही! एकदा गेलं की येत नाही. तुला ठाऊक नाही का?" त्या उठेपर्यंत ते कळशी घेऊन बाहेर पडले होते. तीनशे दोनचे दार ते हाताच्या पालथ्या मुठीने ठोठावत होते. "भागवत! अरे भागवत, तुमच्याकडे आलंय का पाणी?" दार उघडून एक झोपाळू मुलगी पाहत राहिली, आणि मग तिने काही न विचारता कळशी आत नेऊन भरून आणली.

एका दिवसावरून काही सिद्ध होत नाही. बाईंनी हे वाक्य वर्गात शेकडो वेळा सांगितले होते. आता ते त्यांना स्वतःला ऐकावे लागले. आकडा मागच्या काही दिवसांच्या सरासरीवर निघत असे. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिंपच प्रज्ञाकडे नेऊन ठेवले. सुधाकरराव न्हाणीघरातल्या त्या रिकाम्या, गोल, ओलसर डागाशेजारी उकिडवे बसून राहिले. तिसऱ्या दिवशीही तसेच बसले. चौथ्या दिवशी फाटकावर अडतीस होते, तांबड्यात. बाई धावत प्रज्ञाकडे गेल्या आणि पिंप स्वतः उचलून घेऊन आल्या.

पिंप जागेवर आले. सुधाकररावांनी ते आधी हाताने आतून पुसले. मग तोटी सोडली.

आकडा चढला. पण चढ-उताराची एक जोडी म्हणजेही पुरावा नव्हे. नसलेल्या ठिकाणी तीच गोष्ट घडवून पाहायला हवी होती.

"प्रज्ञा, या आठवड्यात तुझी दिवसपाळी आहे ना?"

"आहे. का?"

"पहाटे उठून पाणी भर. बादली, मग हंडा, मग पातेली. मोठ्याकडून लहानाकडे. आधी कालचं ओतून टाकायचं."

"काकू, नळाला चोवीस तास पाणी आहे!"

"मला माहीत आहे."

"मग भरू कशाला? आणि भरलेलं ओतू कशाला? आमच्या आजीसारखं बोलताय."

"तुझ्या आजीचं घर घर होतं ना? मग तिच्यासारखं कर. चार दिवस. का ते नंतर सांगते."

प्रज्ञाने शिव्या घालत चार दिवस पाणी भरले. पाचव्या दिवशी ती फोन नाचवत आली. एकोणतिसाचे सत्तर झाले होते, आणि महापालिकेचा 'आपली इमारत राहती आढळली आहे, अभिनंदन' असा आपोआप निघालेला संदेश होता. बाईंनी तिला कारण सांगितले. प्रज्ञा आधी पोट धरून हसली. मग एकदम थांबली.

"पुढच्या सोमवारपासून माझी रात्रपाळी. आठला परत येते मी. बाकीच्या दोघी पाळी करून मेल्यासारख्या झोपलेल्या असतात. पहाटे कोण भरणार?"

"कोणी नाही."

"म्हणजे मी घरात राहते हे दाखवायला मी रोज पहाटे घरात असायला हवं. आणि नसले तर ते घर नाही?"

"यंत्राच्या मते."

"महिनाअखेरीला निघायचंय आम्हाला, काकू," प्रज्ञा म्हणाली. "यंत्राच्या मतानेच."

बाईंनी निनादलाही सांगितले. त्यात परोपकार नव्हता. एक पिंप, एक विजेची झडप आणि एक घड्याळ बसवले की सबनीसांची गरज उरत नाही, हे त्यांना कळले होते, आणि आपली गरज उरू नये हेच त्यांना हवे होते. निनादने कंपनीच्या दुसऱ्या एका बंद पडलेल्या इमारतीत तशी जोडणी करून पाहिली. आठवड्याच्या आत तिथे चौऱ्याहत्तर उमटले. तिथे एकही माणूस राहत नव्हता.

ती नोंद भाव काढणाऱ्या संगणकापर्यंत पोहोचली, आणि दुसऱ्याच दिवशी सबनीसांच्या रकान्यात आकडा आला. चांगला आकडा होता. चिपळूणचे घर घेऊन वर उरेल इतका.

"उद्या करारनामा," निनाद म्हणाला. तो खरोखर आनंदला होता. "एकच कलम आहे. हे पाण्याचं कोणाला बोलायचं नाही. दिवाळी तुमची चिपळूणला, काकू!"

"आणि सुनावणी आज आहे."

"कसली?"

"हा नियम आजवर काही भागांपुरता आणि तात्पुरता होता. आता तो कायमचा साऱ्या शहराला लावायचा आहे. हरकती ऐकायची आज शेवटची तारीख. प्रज्ञाने हरकत घेतली आहे. मला बोलायला बोलावलंय."

निनादचा चेहरा उतरला. "तुम्ही काय बोलणार?"

"तेच ठरवतेय."

सुधाकररावांना घरी एकटे ठेवता येत नव्हते, म्हणून त्या त्यांना बरोबर घेऊन गेल्या. सभागृहाबाहेरच्या बाकावर निनाद आधीच येऊन बसला होता.

"काकू, ऐका. उद्या सही करा, मग काय बोलायचं ते बोला."

"उद्या बोलले तर कलम मोडलं. आणि आज संध्याकाळी नियम कायम झाला, तर उद्या ऐकायला कोणी नाही."

"आज बोललात तर यंत्र बंद होईल. मैत्रबनचा परवाना जाईल. माझी नोकरी जाईल, ते सोडा. पण तुमचं घर? बंद पडलेल्या हॉटेलातलं एक घर कोण घेणार? रिकाम्या इमारतीत तुम्ही दोघंच. काकांचा तरी विचार करा."

"दुसरा कसला करत नाहीये रे."

त्यांनी खरोखरच सगळे मोजून पाहिले होते. एका बाजूला ओटी होती, समोरचा वाणी होता, कोपऱ्यावरून आपणहून सापडलेले घर होते आणि मिटत चाललेले एक दार होते. दुसऱ्या बाजूला फक्त हे होते, की एक मापन चुकीचे आहे आणि ते चुकीचे आहे हे कंपनी सोडून तिघांनाच माहीत आहे. त्यांतल्या एकाची नोकरी त्यावर होती आणि एकीला पुराव्याचे शास्त्र येत नव्हते. पहिली बाजू जड होती. त्याबद्दल बाईंना तिळमात्र शंका नव्हती. जड असूनही ती निवडता येत नव्हती, आणि का येत नाही याचे समर्पक उत्तर त्यांच्याजवळ नव्हते.

आतून शिपायाने नाव पुकारले.

"अहो, इथं बसा. मी आलेच."

"जा," सुधाकरराव म्हणाले. "मी आहे इथं."

निनाद बाकावर सरकून त्यांच्याशेजारी बसला.

आत लांबट टेबलामागे तीन अधिकारी होते. मधल्याने चष्म्यावरून पाहिले. मागच्या खुर्चीत प्रज्ञा गणवेशातच येऊन बसली होती.

"बाई, तुमची हरकत आहे की सूचना?"

"दोन्ही नाही. कारण सांगायला आले आहे."

"कशाचं?"

"या बाईंचं घर घर का ठरत नाही, आणि माझं घर का विकलं जात नाही, याचं."

"थोडक्यात सांगा."

"हे यंत्र घर ओळखत नाही," मृणालिनीबाई म्हणाल्या. "पहाटे तोटी पूर्ण सोडून, आधी मोठं भांडं आणि मग लहान, अशा क्रमाने कोणी पाणी भरलं तर ते यंत्र ओळखतं. त्याला शिकवण्यासाठी जी घरं निवडली, ती मापक बसवायला दिवसा दार उघडणारं माणूस घरात आहे अशी निवडली. म्हणजे निवृत्त माणसांची. आमचंही घर त्यात होतं. आमच्या पिढीला पाणी रात्रीत शिळं होतं असं वाटतं. म्हणून आम्ही ते रोज ओतून देतो आणि नवं भरतो. लॉजमध्ये असं कोणी करत नाही. यंत्राला दोन्हींत हाच फरक सर्वांत ठळक सापडला, आणि पुढे त्याने दुसरं काही पाहिलं नाही. मैत्रबनात आता एकच माणूस पाणी भरतो, माझे यजमान. ते भरतात तोवर ती सगळी इमारत राहती ठरते, म्हणून आम्हाला तिथून कोणी जाऊ देत नाही. या बाईंच्या इमारतीत कोणी भरत नाही, म्हणून तिथं कोणी राहत नाही असं ठरतं. मी आमच्याकडे भरणं थांबवून आणि यांच्याकडे सुरू करून पाहिलं आहे. रिकाम्या इमारतीत नुसतं पिंप भरत ठेवलं तरी ती राहती ठरते, हेही पाहिलं आहे. कारण एवढंच आहे."